‘कुली’वरून एवढं वाजलं कशावरून? थोडी पार्श्वभूमी

१४ ऑगस्ट २०२५ ला रजनीकांतचा तामीळ पिक्चर ‘कुली’ रिलीज झाला आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत लोक दोन गटांत विभागलेले होते. एका गटाचं म्हणणं, थलैवाचा (म्हणजे रजनीचा) स्वॅग, अनिरुद्धचं बॅकग्राउंड म्युझिक, शेवटचा फ्लॅशबॅक, पैसे वसूल, अजून काय पाहिजे. दुसऱ्या गटाचं म्हणणं, इंटरव्हलनंतर गोष्टच उरत नाही, पाहुण्यांची गर्दी झालीये, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने एवढ्या हाणामाऱ्या कशाला करायच्या. तिसरा एक गट होता ज्याने पिक्चर बघितलाच नव्हता, कारण त्यांच्याबरोबर पोरं होती, पिक्चरला ए सर्टिफिकेट म्हणजे अठराच्या खालच्यांना प्रवेश नाही, आणि त्यांना थिएटरच्या दारातून परत यावं लागलं. हा तिसरा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलंय, म्हणून खाली त्याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

पण आधी मागचं थोडं. रजनीकांत म्हणजे काय, कंडक्टर वगैरे, पुरंदर तालुक्यातलं मूळ गाव सांगतात ते, हे सगळं आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे, ते परत सांगत नाही. ‘बाशा’ सुद्धा सगळ्यांना माहीत आहे, १९९५ चा, साधा रिक्षावाला आणि त्याच्या मागे मुंबईतला डॉन असल्याचा भूतकाळ. आत्ताच्या विषयापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं की गप्प बसलेला माणूस, घरच्यांवर हात पडतो, मग तो खरा कोण आहे ते कळतं, हा साचा तिथे एकदम पक्का झाला आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक दिग्दर्शक त्याच साच्यात परत परत शिरलाय. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता, त्यामुळे वयाचा प्रश्नच नव्हता.

वयाचा प्रश्न खरा सुरू झाला २०१६ ला, ‘कबाली’पासून. त्याच्या आधीची काही वर्षं त्याला तरुण दाखवण्यात गेली, ‘लिंगा’ (२०१४) मध्ये तर निम्म्या वयाच्या हिरॉइनबरोबर गाणी होती आणि तो पिक्चर असा पडला की डिस्ट्रीब्यूटर नुकसानभरपाई मागत उपोषणापर्यंत गेले. मग ‘कबाली’त पांढरी दाढी, सूट, पंचवीस वर्षं जेलमध्ये काढून बाहेर आलेला मलेशियातला डॉन. विमानावर पोस्टर रंगवलं होतं, चेन्नईत काही ऑफिसांनी सुट्टी दिली होती, आणि आत गेल्यावर लोकांना दिसलं काय तर बायको आणि मुलगी हरवलेला एक थकलेला माणूस. फॅन लोक हबकले. पिक्चर संथ आहे म्हणाले, शेवट अर्धवट आहे म्हणाले. मला विचाराल तर त्याने गेल्या वीस वर्षांत केलेल्या कामातलं ते सगळ्यात खरं काम आहे, बायको परत भेटते त्या सीनमध्ये तो काहीही न करता उभा राहतो आणि तेवढं पुरतं.

‘काला’ (२०१८) त्याच दिग्दर्शकाचा, आणि तो आपल्या जास्त जवळचा, कारण गोष्ट धारावीची आहे, समोर व्हिलन म्हणून नाना पाटेकर आहे आणि अंजली पाटील सुद्धा आहे. तिथे तो आजोबा आहे, नातवंडांबरोबर क्रिकेट खेळतो आणि आऊट होतो. सुपरस्टारची एन्ट्री आणि पहिल्याच बॉलला दांडी गुल, हे करायला हिंमत लागते. बदला तिथेही आहे, पण बदला एकटा माणूस घेत नाही, अख्खी वस्ती घेते. जमीन कुणाची हा प्रश्न धारावीचं रिडेव्हलपमेंट बातम्यांत आलं की अजूनही आठवतो. हा पिक्चर थिएटरात चालायला पाहिजे तेवढा चालला नाही, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथून ठरलं.

कारण त्याच्यानंतर परत मागे वळणं झालं. ‘पेट्टा’ (२०१९) फॅन दिग्दर्शकाने फॅन लोकांसाठी बनवला, जुना रजनी परत आणला, सगळे खूश. ‘दरबार’ (२०२०) मध्ये तो मुंबईचा पोलीस कमिशनर, मुलीच्या मृत्यूचा बदला. पोलिसात साठीला रिटायर होतात आणि हा तेव्हा ६९ वर्षांचा होता, हे लोकांनी तेव्हाच काढलं होतं. पैशाचाही गोंधळ झाला, डिस्ट्रीब्यूटर दिग्दर्शकाच्या मागे लागले आणि तो पोलीस संरक्षण मागायला कोर्टात गेला. ‘अण्णात्ते’ (२०२१) बहिणीसाठी बदला, कोलकाता, दिवाळी रिलीज, आणि समीक्षकांनी धुतला. म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती की म्हातारा दाखवला तर फॅन नाराज आणि तरुण दाखवला तर बाकी सगळे नाराज.

बाहेरच्या सिनेमात हा प्रश्न आपल्या आधी येऊन गेलाय. अमेरिकेत १९७४ ला ‘डेथ विश’ आला, हिरो ५२ वर्षांचा, बायकोच्या खुनानंतर रस्त्यावरच्या गुंडांना गोळ्या घालत सुटणारा आर्किटेक्ट. मोठ्या पेपरांनी झोडपला, थिएटरात लोक टाळ्या वाजवत होते, आणि ज्याच्या कादंबरीवरून तो बनवला त्या लेखकालाच तो आवडला नाही कारण त्याच्या पुस्तकात कायदा हातात घेणारा माणूस बिघडत जातो आणि पडद्यावर तोच हिरो झाला. समीक्षक एकीकडे आणि पब्लिक एकीकडे, ही दरी तेव्हापासून या प्रकारच्या पिक्चरला चिकटलेली आहे. मग २००८ ला ‘टेकन’, पंचावन्न-छप्पन्नचा गंभीर नट, पळवून नेलेली मुलगी, अडीच कोटी डॉलरचं बजेट आणि जगभरात बावीस कोटींच्या वर धंदा. त्याच्यानंतर साठीच्या आसपासच्या प्रत्येक नटाला असा एक पिक्चर मिळाला. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो कारण पुढे लागणार आहे: ‘टेकन’ अमेरिकेत रिलीज करताना त्यातला टॉर्चरचा भाग सौम्य केला होता, लहान मुलांना पालकांशिवाय सुद्धा येता येईल असं सर्टिफिकेट मिळावं म्हणून. म्हणजे रेटिंगसाठी कात्री लावायची हा निर्मात्यांनीच ठरवलेला धंद्याचा निर्णय होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तामीळमध्ये हा प्रकार नीट बसवला तो ‘विक्रम’ने, जून २०२२. कमल हासन ६७ वर्षांचा, मुलाच्या खुनाचा बदला, तान्ह्या नातवाला सांभाळत मारामारी. त्यात त्याचं वय लपवलं नाही, वय हेच हत्यार केलं, सगळ्यांना वाटतं दारू पिऊन मेलेला म्हातारा आणि इंटरव्हलला कळतं तो कोण. पिक्चर तुफान चालला, आणि त्याच दिग्दर्शकाने तीन वर्षांनी ‘कुली’ केला. त्यामुळे ‘कुली’ची तुलना पहिल्या मिनिटापासून ‘विक्रम’शी होणार होती, आणि खरं सांगायचं तर त्या तुलनेत तो टिकत नाही.

मधे ‘जेलर’ आला. १० ऑगस्ट २०२३. रिटायर्ड जेलर, घरी नातवाचे व्हिडिओ शूट करून देतो, बायको भाजी आणायला पाठवते, पोलीस मुलगा गायब होतो आणि मग तो सुरू होतो. हा पिक्चर लोकांना का आवडला हे सोपं आहे, त्यात तो मारामारी फार करतच नाही, तो खुर्चीत बसतो, चष्मा पुसतो आणि बाकीचे मरतात. वय आणि स्टाइल दोन्ही एकत्र जमलं. मोहनलाल, शिवराजकुमार, जॅकी श्रॉफ पाच-दहा मिनिटांसाठी आले आणि थिएटर डोक्यावर घेतलं. जगभरात सहाशे कोटींच्या पुढे गेला असं सगळीकडे छापून आलं. पण त्यात मुंडकं उडवायचा सीन आहे, हातोड्याने डोकं फोडणं आहे, माणसांना ॲसिडच्या टाकीत सोडणं आहे, आणि सर्टिफिकेट होतं यू/ए. म्हणजे आईबापांनी बघून ठरवायचं, दारात कुणी अडवणार नाही. आणि आईबापांनी काय ठरवलं तर थलैवाचा पिक्चर आहे, चला सगळे. पाच-सहा वर्षांची मुलं मांडीवर घेऊन लोकांनी तो पाहिला. नंतर तक्रारी केल्या.

त्या तक्रारींपैकी एक थेट मद्रास हायकोर्टात गेली. याचिका अशी की या पिक्चरचं यू/ए रद्द करा, इतकी हिंसा मुलांना दाखवण्यासारखी नाही. कोर्टाने ती प्रसिद्धीसाठी केलेली आहे असं म्हणत ऑगस्ट २०२३ मध्येच फेटाळली. याच पिक्चरला ब्रिटनमध्ये १५ चं रेटिंग होतं, म्हणजे तिकडे पंधरा वर्षांखालच्याला, आईबाप बरोबर असले तरी, थिएटरात प्रवेश नाही.

आता ‘कुली’ची गोष्ट, म्हणजे सर्टिफिकेटची.

रिलीजच्या दोनेक आठवडे आधी बातमी आली की सेन्सॉरने ‘कुली’ला ए दिलंय. थलैवाच्या पिक्चरला ए मिळायला तीस वर्षांच्या वर झाली होती, आणि ‘कुली’च्या दिग्दर्शकाचे आधीचे ‘कैथी’, ‘मास्टर’, ‘विक्रम’, ‘लिओ’ सगळे यू/ए होते, आणि त्या सगळ्यांत रक्त काही कमी नव्हतं. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया अशी की आताच काय झालं? फॅन लोकांना यात कट दिसला. काहींना उलटं वाटलं, ए म्हणजे काहीतरी भारी असणार, आणि त्याने हवा अजूनच वाढली.

इथे लोक एक गोष्ट गडबडीत विसरतात. कायदा २०२३ मध्ये बदललाय. १९८३ पासून यू, यू/ए, ए असे तीन मुख्य कप्पे होते (डॉक्टर वगैरे मंडळींसाठी चौथा एक आहे तो सोडा), त्यातल्या मधल्या कप्प्याचे आता तीन भाग झालेत, ७ च्या वर, १३ च्या वर, १६ च्या वर. नियम २०२४ मध्ये आले आणि पोस्टरवर ते दिसायला लागले. मग साहजिक प्रश्न असा की ‘कुली’ला १६ च्या वरचं यू/ए का नाही दिलं, हा कप्पा तर अशाच पिक्चरसाठी बनवला होता ना. मलाही आधी हे पटलं होतं. पण नीट बघितलं तर ७, १३, १६ हे तिन्ही आकडे फक्त सल्ला आहेत. १६ चं यू/ए असलं तरी आईबाप बरोबर असतील तर चार वर्षांच्या मुलालाही कुणी अडवू शकत नाही. दारात अडवायची ताकद आपल्याकडे फक्त ए मध्ये आहे. ब्रिटनसारखा मधला बंधनकारक कप्पा आपण बनवलाच नाही. म्हणजे सेन्सॉर बोर्डाला एखाद्या पिक्चरमधून लहान मुलांना खरोखर बाहेर ठेवायचं असेल तर त्यांच्याकडे सतरा वर्षांच्या पोरालाही बाहेर ठेवण्यावाचून दुसरा रस्ता नाही. कायदा करताना जे राहून गेलं ते ‘कुली’च्या वेळी उघडं पडलं.

निर्माती कंपनी पिक्चर रिलीज झाल्यावर हायकोर्टात गेली. तेच मद्रास हायकोर्ट, दोन वर्षांनंतरचाच ऑगस्ट, आणि यावेळी मागणी बरोबर उलटी: आम्हाला यू/ए द्या. त्यांचा मुद्दा असा की ‘केजीएफ’ आणि ‘बीस्ट’ला याच बोर्डाने यू/ए दिलं, त्यात यापेक्षा जास्त मारामारी होती, मग आम्हाला वेगळा न्याय का, आणि थलैवाचा प्रेक्षक म्हणजे कुटुंबं, ती ए मुळे तुटली. बोर्डाचं म्हणणं असं की आधीची समिती आणि फेरविचाराची समिती, दोघींचं एकमत ए वर झालं होतं, ठरावीक भाग काढला तर यू/ए मिळू शकतं असं सांगितलं होतं, ते निर्मात्यांनी ऐकलं नाही आणि ए घेऊन पिक्चर लावला. कोर्टाने ऑगस्टच्या शेवटी याचिका फेटाळली.

‘टेकन’सारखी कात्री लावायची की नाही हा निर्णय इथेही निर्मात्यांचाच होता, म्हणून मला कोर्टाचं पटलं, आणि बोर्डाचंही ‘कुली’पुरतं पटलं. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, गोष्टीच्या मध्यभागी एक विजेची खुर्ची आहे ज्यात प्रेत काही क्षणात जाळून टाकतात, आणि ती खुर्ची एकदा दाखवून सोडून दिलेली नाही, ती परत परत येते, जिवंत माणसांसकट. विशाखापट्टणमच्या बंदरात स्मगलिंगच्या आडून माणसांच्या अवयवांचा धंदा चालतो. हे आठ वर्षांच्या मुलाने बघायचं काही कारण नाही. पण ‘जेलर’ला यू/ए आणि ‘कुली’ला ए, यातली रेषा कुठे आहे हे बोर्डाने लोकांना समजेल असं कधी सांगितलं नाही, आणि ते त्यांनी सांगायला पाहिजे होतं. मारामारीचे निकष पिक्चरप्रमाणे बदलतात असं लोकांना वाटलं तर त्यात लोकांची चूक नाही. ‘जेलर’च्या वेळीच ए दिलं असतं तर २०२५ चा अर्धा गोंधळ झालाच नसता.

आणि याचिकेमागे अजून एक कारण असणार असं मला वाटतं, जे चर्चेत फार आलं नाही. ए असलेला पिक्चर आपल्याकडे टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही. त्याची मुळं मुंबईत आहेत, वीसेक वर्षांपूर्वी केबलवरच्या अडल्ट पिक्चरविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका झाली होती आणि त्यानंतर चॅनलवर फक्त यू आणि यू/ए चालतील हे पक्कं झालं. २०२३ च्या कायद्याने तर लिहूनच ठेवलंय की ए पिक्चर टीव्हीला लावायचा तर काटछाट करून वेगळं सर्टिफिकेट घ्या. ‘कुली’ची निर्माती कंपनी स्वतःच टीव्ही चॅनलवाली आहे. सणासुदीला घरोघरी थलैवाचा पिक्चर लावायचा तर परत एडिटला बसा, परत बोर्डाकडे जा.

याचिकेचा निकाल लागेपर्यंत पिक्चरचे पहिले दोन आठवडे संपले होते, म्हणजे थिएटरच्या दृष्टीने कोर्टात जिंकले असते तरी फारसं हातात काही पडलं नसतं. पण प्रेक्षकांच्या मतांवर ए चा परिणाम झाला आणि तो मोठा होता. थलैवाच्या पिक्चरचं पब्लिक म्हणजे आजीपासून नातवापर्यंत. ‘जेलर’बद्दल चांगलं बोलणारे जे होते त्यात बायका होत्या, मुलं होती, कॉमेडीसाठी गेलेले लोक होते. ‘कुली’च्या पहिल्या चार दिवसांत थिएटरात बसले ते मुख्यतः दोन प्रकारचे, एक पक्का फॅन आणि दुसरा तो तरुण ज्याला दिग्दर्शकाच्या आधीच्या पिक्चरचे सगळे धागेदोरे पाठ आहेत. मधला जो शांत प्रेक्षक असतो, ज्याला ठीकठाक पिक्चर ठीकठाक वाटतो, तो बाहेर राहिला. म्हणून मतं टोकाची ऐकू आली, असं मला वाटतं.

वेळेचा भाग पण आहे. तामिळनाडूत पहाटेचे शो बंद आहेत. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईत थिएटरबाहेर जल्लोष करताना एक तरुण चालत्या लॉरीवरून पडून दगावला, तेव्हापासून सरकार मोठ्या पिक्चरला सकाळी नऊच्या आधी परवानगी देत नाही. केरळ आणि कर्नाटकात मात्र सहाच्या सुमारास शो सुरू होतात, अमेरिकेत तर आदल्या रात्रीच प्रीमियर झालेले असतात. म्हणजे ज्या राज्याचा हा माणूस देव आहे तिथला फॅन नऊ वाजता सीटवर बसतो तोपर्यंत बंगळुरूवाल्याने इंटरव्हलपर्यंतचं मत मोबाईलवर टाकलेलं असतं आणि न्यूजर्सीवाल्याने शेवटच्या पाहुण्याचं नाव पण फोडलेलं असतं. मुंबईत माटुंग्याला अरोरा टॉकीजसमोर मोठ्या रिलीजला कटआउट, ढोल, दुधाचा अभिषेक हे सगळं होतं, तिथला फॅन सुद्धा आत जाताना फोन बंद करून जातो ते याच भीतीने.

आणि निर्मात्यांना ही भीती आधीपासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘कंगुवा’ पहिल्याच दिवशी आपटला आणि त्याचं खापर थिएटरच्या आवारात माईक घेऊन उभ्या असणाऱ्या यूट्यूबवाल्यांवर फोडलं गेलं. निर्मात्यांच्या एका संघटनेने हायकोर्टात मागणी केली की पहिले तीन दिवस रिव्ह्यू बंद करा. कोर्टाने तशी सरसकट बंदी घालायला नकार दिला, मत मांडणं हा हक्क आहे म्हणून. मला हा निकाल फार योग्य वाटतो, तिकीट काढून तीन तास बसलेल्या माणसाला बाहेर आल्यावर बोलू नको म्हणायचं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पण हेही खरं की पिक्चर सुटल्यावर दारातच तोंडासमोर माईक आला की माणूस एकतर ओरडतो नाहीतर शिव्या देतो. मधलं काही बोलायला घरी जाऊन जेवावं लागतं.

‘कुली’बद्दलच्या अपेक्षा हा अजून एक विषय. घड्याळांचे क्लोजअप टीझरमध्ये दिसले म्हणून लोकांनी टाइम ट्रॅव्हलची थिअरी काढली, कुणी दिग्दर्शकाच्या जुन्या पिक्चरशी जोडलं, आणि हा पहिला हजार कोटींचा तामीळ पिक्चर असणार हे तर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यात थलैवाला इंडस्ट्रीत येऊन बरोबर पन्नास वर्षं झाली होती. निर्मात्यांनी पहिल्या दिवसाचे १५१ कोटी आणि चार दिवसांचे ४०४ कोटी जाहीर केले, तामीळसाठी पहिला दिवस एवढा मोठा आधी कधी झाला नव्हता असंही सांगितलं, तरी हजाराच्या जवळ गेला नाही म्हणून लोक त्याला पडलेला म्हणायला लागले. दिग्दर्शक नंतर म्हणाला की टाइम ट्रॅव्हल असेल असं मी कधी म्हणालोच नव्हतो, आणि लोकांच्या अपेक्षांप्रमाणे गोष्ट लिहिता येणार नाही. ते बरोबर आहे, पण पाहुण्या स्टार लोकांची एकेक पोस्टर काढून महिनोन् महिने हवा कुणी केली, ती पण प्रेक्षकांनी नव्हती केली.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा पॅरा सोडा.)

प्रत्यक्ष पिक्चरबद्दल जी मतं आली त्यात काही गोष्टींवर दोन्ही गटांचं जमलं हे मात्र लक्षात घ्या. मल्याळम नट सौबिन शाहिरने कमाल केली यावर जवळजवळ वाद नाही, रचिता रामचा रोल अचानक वळतो तेव्हा थिएटर जागं होतं, आणि शेवटी तरुणपणीचा थलैवा कॉम्प्युटरने उभा केलाय तो बघताना जुन्या लोकांच्या डोळ्यात पाणी आलं. सत्यराज आणि रजनी ‘मिस्टर भारत’ (१९८६) नंतर पहिल्यांदा एकत्र, सत्यराज इथे रजनीचा मित्र, आणि ज्या मित्रासाठी बदला घ्यायचा तो मित्र आपल्याला फारसा भेटतच नाही, सुरुवातीलाच त्याची चिता. बदल्याच्या गोष्टीत ज्याचा बदला घ्यायचा त्याच्यावर आपला जीव बसायला पाहिजे. ‘विक्रम’मध्ये तान्हं नातवंड होतं म्हणून आपण बांधले गेलो, ‘जेलर’मध्ये घर होतं. इथे मैत्री बोलून दाखवलीये, जगून दाखवलेली नाही. आमिर खान शेवटी येतो त्याच्यावर हिंदी पट्ट्यात फार टीका झाली, पण माझ्या मते पिक्चर त्याच्या कितीतरी आधी निसटलेला असतो, बिचारा उगाच बोलणी खातो. आणि वयाबद्दल, जिथे देवा (म्हणजे रजनीचं पात्र) लॉजवर राहणाऱ्या पोरांबरोबर दिसतो, गुडघा धरून बसतो, हळू बोलतो, तिथे तो भारी आहे, जिथे वायरवर उडतो तिथे नाही. फॅन लोकांनाही हे दिसतं, ते फक्त बोलत नाहीत.

महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी हिंदी डब पाहिला आणि त्याच दिवशी समोर ‘वॉर २’ होता, त्यामुळे मल्टिप्लेक्समध्ये स्क्रीनची ओढाताण झाली. डबमध्ये त्याचा आवाज नसतो, अर्धा माणूस आवाजात आहे, म्हणून हिंदीतून पाहिलेल्यांचं मत तामीळवाल्यांपेक्षा थंड आलं याचं मला नवल वाटलं नाही. ११ सप्टेंबरला पिक्चर ओटीटीवर आला तो हिंदी सोडून, कारण हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला लावायचा तर आठ आठवडे ओटीटीवर आणायचा नाही अशी अट असते. मग इकडच्या लोकांनी तामीळ आवाज आणि खाली सबटायटल्स असा तो परत पाहिला आणि मतांची दुसरी लाट आली, यावेळी सीन कापून, थांबवून, एकेका लॉजिकवर बोट ठेवून. विजेची खुर्ची कुठल्या प्लगवर चालते इथपर्यंत.

ओटीटीवर वयाचे आकडे ७, १३, १६ आणि ए असे २०२१ पासूनच आहेत, म्हणजे थिएटरच्या आधीपासून, फक्त तिथे ते प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो आणि मुलांसाठी लॉक लावायची आणि ए साठी वय तपासायची सोय द्यायची असं बंधन आहे. लॉक लावायचं की नाही ते घरच्यांनी बघायचं. ऑगस्टमध्ये दारातून परत पाठवलेली पोरं सप्टेंबरमध्ये तोच पिक्चर हॉलमध्ये आजोबांच्या शेजारी बसून बघत होती. ‘जेलर’च्या दुसऱ्या भागाची घोषणा २०२५ च्या जानेवारीतच झालेली आहे, तेव्हा बोर्डापुढे हा प्रश्न त्याच म्हाताऱ्या जेलरला घेऊन परत येणार आहे.